अनेक हातांचे पुस्तक

आमच्या शाळेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन गेलेला एक विद्यार्थी गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्हांस भेटावयास आला. त्याचे महाविद्यालयातील पहिले वर्ष चालू होते. कुशल विचारून झाल्यावर तो थोडा घुटमळला आणि मग म्हणाला, "सर, आमच्या प्राध्यापकांनी आपापल्या गावच्या नदीविषयी दोन पाने लिहून आणावयास सांगितली होती. सूर्यास्तावरचा निबंध मला अजून तोंडपाठ आहे. पण आपल्या कयाधूवर मला चार ओळींपुढे जाता येईना."

हे ऐकून आम्हांस त्याच्याविषयी खेद झाला, त्याहून अधिक स्वतःची लाज वाटली. कारण सूर्यास्ताचा तो निबंध त्याने पाठ केला होता आमच्याच वर्गात, आणि त्याचे पूर्ण गुण दिले होते तेही आम्हीच. ज्याने सूर्यास्त नरसीच्या घाटावर बसून शंभर वेळा पाहिला, त्याने तो लिहिला मात्र बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकेतून उतरवून! लेखन ही शिकण्याची विद्या आहे, ती उपजत देणगी नव्हे, हे आम्ही वर्गात सांगतो खरे. परंतु ती शिकावी कशी, हे पायरी-पायरीने सांगणारे पुस्तक आमच्या मुलांच्या हाती क्वचितच असते. व्याकरणाची पुस्तके आहेत, निबंधांचे नमुने आहेत. पण विषय हाती आल्यावर विचार कसा जमवावा, आपले मत कशाच्या आधारे मांडावे, दुसऱ्याचे म्हणणे आपल्या लेखात घेताना त्याचे नाव कसे सांगावे, लिहून झाल्यावर काय खोडावे, हे कोणी शिकवावयाचे? महाविद्यालयात गेल्यावर तर हे सर्व येते असे गृहीत धरूनच पुढचा अभ्यास चालतो.

ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग अलीकडे जगात पुष्कळ ठिकाणी चोखाळला जात आहे. तो म्हणजे अनेक शिक्षकांनी मिळून लेखनाचे पाठ्यपुस्तक रचावे आणि ते सर्वांस खुले ठेवावे. या मार्गाची माहिती आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खुले म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. फुकट मिळणारे प्रत्येक पुस्तक खुले असते असे नाही. १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे आपल्या बालभारतीची, पुस्तके आज महाजालावरून कोणासही विनामूल्य उतरवून घेता येतात. ही मोठीच सोय आहे. परंतु त्यांतील एखादा पाठ बदलून, त्यात भर घालून, तो पुन्हा छापून वाटावयाचा असेल, तर तशी परवानगी त्या सोयीत येत नाही. खुल्या पुस्तकात ही परवानगी आधीच दिलेली असते.

परवानगीची गरज का पडते? आपल्या देशाच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याच्या लेखनावर त्याचा प्रताधिकार असतो, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षांपर्यंत तो टिकतो. त्या मुदतीत ते लेखन छापणे किंवा त्यात फेरफार करून प्रसिद्ध करणे हे सामान्यतः त्याच्या अगर त्याच्या वारसांच्या संमतीवाचून करता येत नाही. हा कायदा योग्यच आहे. लेखकाच्या श्रमांचे रक्षण त्याने होते. परंतु एखाद्या लेखकाची इच्छाच अशी असेल की माझे लेखन लोकांनी घ्यावे, वापरावे, सुधारावे, तर त्याने काय करावे? प्रत्येकास वेगळे संमतिपत्र कोठवर लिहून द्यावे? यासाठी २००२ साली क्रिएटिव्ह कॉमन्स या नावाची तयार परवानापत्रे प्रसिद्ध झाली. लेखकाने त्यांपैकी आपणांस रुचेल ते निवडावे आणि पुस्तकावर छापावे, म्हणजे झाले.

या परवान्यांत मुख्यतः चार अटी असतात. पहिली श्रेयाची: घेणाराने मूळ लेखकाचे नाव सांगितलेच पाहिजे. दुसरी समानतेची: घेऊन जे नवे कराल तेही तुम्ही त्याच अटींवर इतरांस खुले ठेवा. तिसरी अव्यापाराची: धंद्यासाठी त्याचा उपयोग करू नका. चौथी अबदलाची: जसेच्या तसे वाटा, पण बदलू नका. श्रेयाची अट या सहाही परवान्यांत असते; बाकीच्या तीन लेखकाने आपल्या मर्जीप्रमाणे घालाव्या किंवा वगळाव्या. वाचकांच्या लक्षात येईलच की चौथी अट घातली, तर पुस्तक वाटता येईल, पण पिढ्यान्‌पिढ्या सुधारत नेता येणार नाही. म्हणून पाठ्यपुस्तकास ती सहसा मानवत नाही.

आपल्या देशातही या बाबतीत काही पावले पडली आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१३ साली खुल्या शैक्षणिक साधनांचे एक राष्ट्रीय भांडार सुरू केले. त्याच वर्षी गोवा विद्यापीठाने आपला कोंकणी विश्वकोश अशाच खुल्या परवान्याखाली आणला. शेजारच्या भगिनीभाषेने केलेले हे काम आपणही कौतुकाने पाहण्याजोगे आहे.

लेखनाची अशी पुस्तके

महाविद्यालयीन लेखनासाठीच रचलेल्या खुल्या पुस्तकाचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांस लेखन हा स्वतंत्र विषय असतो आणि त्याची पुस्तके महाग असतात. चार्ल्स लोव आणि पावेल झेम्लियान्स्की या दोन अध्यापकांनी इतर शिक्षकांकडून लेख मागवून 'रायटिंग स्पेसेस' या मालेचा पहिला खंड २०१० साली काढला. दुसरा खंड २०११ मध्ये निघाला, आणि पुढे २०२० पासून आणखी खंड निघू लागले. प्रत्येक प्रकरण वेगळ्या शिक्षकाचे आहे. ते विद्यार्थ्याशी समोरासमोर बोलल्याप्रमाणे लिहिलेले असते, आणि छापण्यापूर्वी इतर जाणत्यांकडून तपासून घेतलेले असते. ज्यास छापील प्रत हवी त्याने विकत घ्यावी. बाकीच्यांनी महाजालावरून उतरवून घ्यावी.

दुसरी रीत याहून मोकळी आहे. २००३ साली विकिबुक्स नावाचा उपक्रम निघाला. त्यातील पुस्तकात कोणीही भर घालू शकतो, कोणीही दुरुस्ती करू शकतो, आणि कोणत्या दिवशी कोणी काय बदलले याची नोंद आपोआप राहते. लेखनविद्येचे एक पुस्तक तेथे एका अध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांकडूनच लिहवून घेण्यास आरंभ केला. शिकणारानेच शिकण्याचे पुस्तक लिहावे, ही कल्पना प्रथम ऐकताना विचित्र वाटते. परंतु तिच्यात फार तथ्य आहे, ते पुढे येईलच.

हे आपणांस नवे नाही

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल की ही परदेशी रीत आपल्या मातीत रुजावयाची नाही. त्यास आमचे उत्तर असे की मराठी भाषेचा सर्वांत उपयुक्त ग्रंथ याच रीतीने घडला आहे. १८२९ साली 'महाराष्ट्र भाषेचा कोश' छापून निघाला. तो एका पंडिताचा नव्हता. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले अशा अनेक विद्वानांनी तो मिळून रचला. मोल्सवर्थ साहेबांनी कँडी बंधू व हे शास्त्री यांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश केला, तो १८३१ साली निघाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तिच्यात सुमारे ६०,००० झाले. पुढे आमच्या ख्रिस्ती समाजाचे आद्य ग्रंथकार बाबा पदमनजी यांनी त्या मोठ्या कोशावरून विद्यार्थ्यांस परवडेल असा संक्षेप तयार केला, तो १८६३ साली प्रसिद्ध झाला. आणि आज शिकागो विद्यापीठाने तोच मोल्सवर्थचा कोश महाजालावर सर्वांस विनामूल्य पाहता येईल असा ठेवला आहे. एकाने पाया घातला, दुसऱ्याने भिंत उचलली, तिसऱ्याने गरिबासाठी लहान दार ठेवले, चौथ्याने कुलूपच काढले. खुल्या पाठ्यपुस्तकाचे स्वरूप याहून वेगळे ते काय?

आणि नरसीत राहणाऱ्यांस तर यासाठी कोशापर्यंत जाण्याचेही कारण नाही. ज्यांच्या नावाने आमचे गाव ओळखले जाते, त्या संत नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात. छापखाना भारतात येण्याच्या कितीतरी आधी त्यांची पदे एका मुखातून दुसऱ्या मुखात, एका वहीतून दुसऱ्या वहीत गेली. त्यांचा प्रवास पंजाबपर्यंत झाला, आणि १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी संकलित केलेल्या आदिग्रंथात इतर अनेक संतांच्या वाणीबरोबर नामदेवांची ६१ पदे समाविष्ट झाली. निरनिराळ्या प्रांतांचे, निरनिराळ्या जातींचे आणि धर्मांचे अनेक कवी एका ग्रंथात, आणि ज्याची वाणी त्याचे नाव तिच्याशी जोडलेले! पंजाबातून भाविक आमच्या गावी दर्शनास येतात ते या ग्रंथाच्या नात्यानेच.

परंतु याच इतिहासात एक सावधगिरीची सूचनाही आहे. अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव गुंफतो, त्यास नाममुद्रा म्हणतात. परवान्यातील श्रेयाची अट तीच ही. आता सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे दुसरे एक कवी होऊन गेले. नावाच्या सारखेपणामुळे त्यांची काही रचना पहिल्या नामदेवांच्या गाथेत मिसळली, आणि कोणते पद कोणाचे हे निवडण्यात विद्वानांचे किती श्रम खर्ची पडले! श्रद्धेने गाणाराचे त्यात काही बिघडले नाही, हे खरे. पण ग्रंथ म्हणून पाहू गेल्यास नुसते नाव पुरत नाही. कोणी, केव्हा, काय घातले याची नोंद पाहिजे, हा धडा त्यातून मिळतो.

कृती कशी असावी?

मराठी लेखनाचे असे पुस्तक करावयाचे झाल्यास पहिले काम म्हणजे प्रकरणे ठरविणे. अर्ज, वृत्तांत, सारांश, कृतीचे वर्णन, एखाद्या प्रश्नावर साधार मत, उद्धरण घेण्याची रीत, खोडणे व पुनर्लेखन, इतकी प्रकरणे आरंभास पुरेत. एकेक प्रकरण एकेका शिक्षकाने घ्यावे. दुसरे काम परिभाषेचे. एकाने परिच्छेद म्हणावे, दुसऱ्याने खंड म्हणावे, तिसऱ्याने पॅराग्राफ म्हणावे, अशाने विद्यार्थी गोंधळतो. शब्दांची एक यादी आधीच करून ती सर्वांनी पाळावी. शुद्धलेखनाचे १९६२ चे नियम सर्वांस सारखे आहेत, तेच धरावे. तिसरे काम दिसावयास क्षुल्लक, पण मोडता घालणारे आहे. पुष्कळ शिक्षक अजून जुन्या टंकांत मजकूर लिहितात. तो टंक ज्याच्या यंत्रात नसेल त्यास मजकुराऐवजी निरर्थक अक्षरे दिसतात. म्हणून आरंभापासून युनिकोड पद्धतीनेच लिहावे. जे दुसऱ्याच्या यंत्रात वाचताच येत नाही ते खुले कसले?

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे काम संपादकाचे. अनेकांनी लिहावे, पण अखेरचा हात एकाचा असावा. नाही तर तो बारभाईंचा कारभार होतो. प्रत्येकास वाटते की चूक दुसरा पाहील, आणि चूक कोणीच पाहत नाही. संपादकाने लेखकाचे मत बदलू नये, पण वाक्य न समजणारे असेल तर परत पाठविण्यास संकोचही करू नये.

परदेशी पुस्तकाचे नुसते भाषांतर करून हे काम भागणार नाही. तेथील उदाहरणे तेथल्या मुलांची असतात. आमच्या मुलास युक्तिवाद शिकवावयाचा तर विषय कयाधूच्या पाण्याचा हवा. कृतीचे वर्णन शिकवावयाचे तर हळदीचे हवे. आमच्या जिल्ह्यात हळद काढणे, शिजविणे, वाळविणे हे घरोघरी चालते. खुल्या परवान्याचा खरा लाभ येथे आहे: फुकट मिळते हा लहान लाभ, उदाहरण बदलता येते हा मोठा.

आक्षेप व अनुभव

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. शिक्षकाने विनामूल्य किती काम करावे, हा पहिला. वर्गाच्या, कागदपत्रांच्या आणि परीक्षांच्या कामातून त्यास वेळ कोठून मिळावा? याचे प्रामाणिक उत्तर हे की असे पुस्तक संस्थांनी व विद्यापीठांनी शिक्षकाच्या कामात धरले पाहिजे. केवळ सद्भावनेवर ते फार दिवस चालत नाही. दुसरा आक्षेप, खुले पुस्तक म्हणजे नक्कल करण्यास नवी मार्गदर्शिका. हे भय तेव्हाच खरे ठरते जेव्हा पुस्तकात तयार निबंध असतात. पुस्तकात रीत असेल आणि उदाहरण अपुरे ठेवलेले असेल, तर नक्कल कशाची करणार?

तिसरा आक्षेप, विद्यार्थ्यांस यात घेऊन काय मिळणार? याविषयी मात्र आम्ही अनुभवाने बोलू शकतो. या विद्यार्थ्याची भेट झाल्यानंतर आम्ही नववीच्या वर्गाकडून शनिवारच्या तासांना एक लहान लेखनवही तयार करवून घेतली. एका गटाकडे 'अर्ज कसा लिहावा' हे प्रकरण होते. ते त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहून आणले. आम्ही ते तपासले नाही. आठवीच्या वर्गास नेऊन दिले आणि सांगितले की केवळ हे वाचून ग्रामपंचायतीस हातपंप दुरुस्तीसाठी अर्ज लिहा. अर्ज आले. निम्म्यांहून अधिक अर्जांत तारीख नव्हती, कित्येकांत पत्ता नव्हता, आणि एकात तर कोणता हातपंप हेच नव्हते. नववीची मुले हसली, "आठवीची मुले मठ्ठ आहेत, सर." आम्ही त्यांस त्यांचेच प्रकरण मोठ्याने वाचावयास लावले. त्यात एक वाक्य होते: अर्जाच्या वर नेहमीप्रमाणे मजकूर लिहावा. वाचणारा मुलगा तेथे थांबला. वर्गात शांतता झाली. मग त्यानेच हळूच म्हटले, "त्यांना 'नेहमीप्रमाणे' म्हणजे काय ते ठाऊक नाही." त्याने तो शब्द खोडला आणि त्या जागी पाच ओळी लिहिल्या.

आमच्या वीस वर्षांच्या अध्यापनात लेखनाचा याहून चांगला तास आम्हांस आठवत नाही. लेखन म्हणजे आपल्या डोक्यात जे आहे ते ज्याच्या डोक्यात नाही त्याच्यासाठी मांडणे, हे आम्ही कितीदा फळ्यावर लिहिले असेल. पण ते त्या मुलास कळले ते वाचकाने त्याचे पुस्तक वापरून पाहिले तेव्हा. परीक्षेची उत्तरपत्रिका एक परीक्षक वाचतो आणि ती बांधून ठेवली जाते. खुल्या पुस्तकास वाचक मिळतो, आणि वाचकाकडून चूक परत येते. ती स्वीकारण्याची नम्रता आणि दुसऱ्याची चूक सौम्यपणे दाखविण्याचे धैर्य, ही दोन्ही त्यातून अंगी बाणतात. असे पुस्तक रचण्याचे खरे फळ तेच आहे.

आता पालकांस एक विनंती. आपण म्हणाल, आम्ही शेतकरी, आम्ही मजूर, पुस्तकात आमचे काय काम? तर हळद शिजली हे कशावरून ओळखावे, हे आम्हां शिक्षकांस सांगता येत नाही, आपणांस येते. आपले मूल वही घेऊन जवळ बसले तर त्यास 'जा, अभ्यास कर' असे म्हणू नका. तो अभ्यासच करीत आहे. त्यास सांगा, आणि त्याने लिहिलेले आपणांस वाचून दाखवावयास लावा. एखादी पायरी चुकली असेल तर आपल्याइतका अचूक तपासनीस दुसरा नाही.

आणि विद्यार्थीमित्रांनो, पवित्र शास्त्रातील त्या चाकराची गोष्ट तुम्ही उपासनेत ऐकली आहे, ज्याने धन्याने दिलेले धन जपून ठेवावे म्हणून जमिनीत पुरले. ज्ञानाचेही तसेच आहे. पाठ करून पुरून ठेवलेला निबंध परीक्षेच्या दिवशी उकरून काढता येतो. पण तो जितका होता तितकाच राहतो. जे दुसऱ्याच्या हाती दिले ते वाढते.

तो विद्यार्थी सुटी संपवून परत गेला तेव्हा आम्ही त्यास निबंध शिकविला नाही. त्यास नववीची ती लेखनवही वाचावयास दिली आणि नदीवर जाऊन बसावयास सांगितले. जानेवारीत त्याची दोन पाने टपालाने आली. नदीला पाणी केव्हा असते, केव्हा नसते, घाटावर कोण काय करते, आणि त्यास काय वाटते, असे साधे लेखन होते. दोन ठिकाणी व्याकरण चुकले होते. खाली त्याने आपले नाव लिहिले होते, आणि नावाखाली असे की हे वहीत घालण्यासारखे वाटल्यास घालावे, व कोणास चूक दिसल्यास दुरुस्त करावी. ती पाने वहीत घातली आहेत. दोन्ही चुका नववीच्या मुलांनी शोधून काढल्या.